सडपातळ टीव्हीचा किरटा आवाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्ही, साउंडबार आणि जुने ॲम्प्लिफायर जोडून देण्याच्या कामात असल्यामुळे आवाजाविषयीचे तेच ते प्रश्न माझ्याकडे वर्षभर येत राहतात. त्यांतील नेहमीचे प्रश्न निवडून, विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, येथे उत्तरांसह दिले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तेथे त्याचा क्रमांक दिला आहे. साउंडबार विकत घेण्याच्या बेतात असलेल्यांनी पहिले सहा प्रश्न आधी वाचावेत, कारण निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात.

१. आमचा २१ इंची जुना डबा टीव्ही खणखणीत वाजायचा. नवा ५५ इंची टीव्ही एवढा महाग असूनही पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा का ऐकू येतो?

आवाज म्हणजे हललेली हवा, आणि हवा हलवायला जागा लागते. जुन्या टीव्हीचे खोके दीड फूट खोल असे, त्यात पुरेशा आकाराचे स्पीकर मावत आणि बहुतेकदा त्यांची तोंडे थेट प्रेक्षकांकडे असत. आजच्या टीव्हीची जाडी काही सेंटिमीटर असते आणि पडद्याभोवतीची चौकट जवळपास नाहीशी झाली आहे. त्यामुळे स्पीकर लहान, लांबट आणि चपटे करून खालच्या कडेला किंवा पाठीमागे बसवावे लागतात. आवाज आधी जमिनीवर, टेबलावर किंवा भिंतीवर आदळतो आणि तेथून परतून आपल्यापर्यंत येतो.

खर्जाचे दुखणे याहून मूलभूत आहे. तेवढ्याच मोठेपणाने एक सप्तक खालचा स्वर काढायचा असेल तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. चपट्या स्पीकरला ते शक्य नसते. म्हणून तबल्याची चाट नीट ऐकू येते, पण डग्ग्याचा घुमारा गायब होतो. ताशा कडाडतो आणि ढोल मात्र पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखा वाजतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे नेमका तेथेच, जेथे या स्पीकरांचा दम संपत आलेला असतो. किरटेपणा जाणवतो तो यामुळे. पडद्यालाच थरथरवून आवाज काढणारे ओएलईडी टीव्ही सोनीने २०१७ मध्ये आणले. त्यांत आवाज समोरून येतो, परंतु खर्जासाठी त्यांनाही मागे वेगळा वूफर द्यावा लागला.

२. आवाज ४० पर्यंत नेला तरी संवाद समजत नाहीत आणि मारामारी सुरू झाली की कान फाटतात. सारखा रिमोट हातात धरून बसावे लागते. हा बिघाड आहे का?

बिघाड नाही. मोठा आवाज आणि स्पष्ट शब्द या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आवाज वाढवल्यावर संवादाबरोबर त्याला झाकणारे संगीतही तेवढेच वाढते.

हल्लीचे चित्रपट आणि मालिका बहुधा ५.१ पद्धतीने ध्वनिमुद्रित झालेल्या असतात. त्यात समोरचे डावे-उजवे, मधला, मागचे दोन आणि खर्जाचा एक अशा वाहिन्या असतात. संवाद जवळजवळ सगळे मधल्या वाहिनीत असतात. टीव्हीला मधला स्पीकरच नसल्यामुळे ही सारी मिरवणूक दोन बारीक स्पीकरांच्या बोळातून काढावी लागते. चित्रपटगृहात संवाद एका जागेहून आणि पाऊस दुसरीकडून ऐकू येतो, म्हणून कान त्यांना वेगळे करू शकतात. येथे दोन्ही एकाच भोकातून येतात आणि शब्द पावसात भिजून जातात. त्यातच चित्रपटगृहासाठी ठेवलेले कुजबुज आणि स्फोट यांमधले अंतर घराच्या खोलीत सोसवत नाही.

उपाय करताना हा क्रम ठेवावा. चालू कार्यक्रमाच्या ध्वनीच्या यादीत ‘५.१’ असे न लिहिलेला पर्याय असेल तर तो निवडावा. सेट-टॉप बॉक्सच्या ध्वनी-मेनूत डॉल्बीऐवजी ‘स्टीरिओ’ किंवा ‘पीसीएम’ (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) ठेवून फरक ऐकावा. टीव्हीच्या मेनूत ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ असेल तर तो चालू करावा. त्यामुळे कुजबुज वर येते आणि स्फोट खाली दबतात. प्राइम व्हिडिओने २०२३ मध्ये संवाद उचलून धरणारी ‘डायलॉग बूस्ट’ ही सोय आणली आहे, मात्र ती निवडक कार्यक्रमांनाच मिळते. एवढ्याने भागले नाही तर पुढील प्रश्न पाहावा.

३. एक रुपयाही खर्च न करता टीव्हीच्या सेटिंगमध्ये काय काय बदलून पाहावे?

प्रथम ध्वनीचा ‘मोड’ पाहावा. दुकानात चकचकीत वाटावा म्हणून ठेवलेला मोड घरी तसाच राहून गेलेला असतो. बातम्या, मालिका आणि क्रिकेटसाठी ‘क्लिअर व्हॉइस’, ‘ॲम्प्लिफाय’, ‘स्पीच’ किंवा तत्सम नावाचा मोड बहुतेक टीव्हींत असतो. नावे कंपनीगणिक बदलतात, काम तेच असते. ‘व्हर्च्युअल सराउंड’ बंद करावा. तो आवाजाला खोटा पसारा देण्यासाठी डाव्या-उजव्या बाजूंशी खेळतो आणि मधोमध असलेला संवाद त्यात पातळ होतो.

नंतर इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करण्याच्या पट्ट्या. लोक हमखास करतात ती चूक म्हणजे आवाज किरटा आहे म्हणून सर्वांत डावीकडची, म्हणजे १०० हर्ट्झची, पट्टी पार वर नेणे. जो स्वर स्पीकरला काढताच येत नाही तो मागितल्याने खर्ज वाढत नाही, फक्त स्पीकर धापा टाकू लागतो आणि बाकीचा आवाजही फाटतो. ती पट्टी उलट थोडी खाली घ्यावी, १ ते ४ किलोहर्ट्झच्या दरम्यानच्या पट्ट्या दोन-तीन घरे वर न्याव्यात आणि १० किलोहर्ट्झची आहे तेथेच ठेवावी. हा बदल बातमीदाराच्या आवाजावर तपासावा, गाण्यावर नव्हे. गाण्याला काहीही केले तरी पहिल्या मिनिटाला चांगलेच वाटते.

४. २० वॅटच्या टीव्हीऐवजी ४० वॅटचा घेतला असता तर आवाज दुप्पट आला असता का?

नाही. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि हा फरक लक्ष देऊन ऐकला तरच जाणवतो. कानाला दुप्पट वाटावा यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. टीव्ही निवडताना वॅटपेक्षा स्पीकर कोठे आहेत, त्यांचे तोंड कोणीकडे आहे आणि वेगळा वूफर आहे का, हे विचारणे अधिक उपयोगाचे असते. खोक्यावर ‘डॉल्बी ॲटमॉस’ लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ टीव्हीला तो संकेत समजतो एवढाच असू शकतो. छतावरून पाऊस पडल्याचा अनुभव १० वॅटच्या दोन स्पीकरांतून येत नाही.

५. टेबलावर ठेवलेला टीव्ही सुताराकडून पॅनेल करून भिंतीवर बसवला आणि तेव्हापासून आवाज दबला. टीव्ही बिघडला की फर्निचरमुळे असे झाले?

फर्निचरमुळेच, असे बिनधास्त समजावे. फोनचा टॉर्च लावून टीव्हीच्या खालच्या कडेला वाकून पाहावे. बारीक जाळी दिसली तर स्पीकरची तोंडे खाली आहेत. टेबलावर असताना तो आवाज टेबलाच्या पृष्ठावर आपटून समोर येत होता. भिंतीवर गेल्यावर त्याला परतवणारे काही उरले नाही.

एक छोटा प्रयोग करावा. बातम्या लावून त्या जाळीखाली ओंजळ करून हात असा धरावा की खाली जाणारा आवाज खोलीकडे वळेल. शब्द एकदम दोन पावले पुढे आल्यासारखे वाटतात. तसे वाटले तर टीव्हीच्या खाली चार-सहा इंचांवर गुळगुळीत फळी बसवल्याने बराच फरक पडतो, आणि त्याच फळीवर सेट-टॉप बॉक्सचीही सोय होते. फळी टीव्हीला चिकटवू नये आणि हवेच्या झरोक्यांवर काही ठेवू नये.

टीव्ही प्लायच्या खोबणीत चारी बाजूंनी बंदिस्त बसवला असेल तर दुखणे निराळे असते. तेथे मधला खर्ज त्या पोकळीत घुमतो आणि बोलणे मडक्यातून आल्यासारखे लागते. खोबणी मोडता येत नसेल तर ब्रॅकेट ओढून टीव्ही कडेच्या पुढे आणावा. काही टीव्हींच्या मेनूत ‘स्टँडवर’ की ‘भिंतीवर’ असे विचारणारी सेटिंग असते. भिंतीवर बसवल्यानंतर ती बदलायला माणसे विसरतात.

६. तोच टीव्ही दुकानात बरा वाजत होता. आमच्या हॉलमध्ये आवाज घुमतो. खोलीचा एवढा परिणाम होतो का?

होतो, आणि आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये जरा जास्तच होतो. खाली गुळगुळीत टाइल्स, चारी बाजूंना प्लास्टरच्या उघड्या भिंती, एका अंगाला काचेची सरकती खिडकी आणि मध्ये एक सोफा, अशी खोली म्हणजे आवाजासाठी कॅरमबोर्डच. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीनंतर ‘टर्रर्र’ असा बारीक झंकार ऐकू आला तर शब्दांची टोके त्याच झंकारात बुडत आहेत असे समजावे.

टीव्ही आणि सोफा यांच्यामधल्या जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा टाकणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे. काचेवर जाड पडदा ओढावा. सोफ्यामागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट असेल तर उत्तमच. अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला ऐकू नये. त्यांनी उंच स्वर किंचित विखुरतात, बाकी काही होत नाही.

आणखी एका गोष्टीकडे कोणी लक्ष देत नाही, ती म्हणजे पंखा. पाचवर फिरणाऱ्या पंख्याची घरघर आणि हवेचा फुत्कार यांखाली ‘स’, ‘श’, ‘फ’ ही हळुवार व्यंजने झाकली जातात. एका घरी मी टीव्हीच्या सेटिंगशी अर्धा तास झटत होतो. शेवटी काकूंनी पंखा दोनवर आणला आणि तक्रारच संपली.

७. सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही दोघांनाही आवाजाची बटणे आहेत. कोणाचा आवाज किती ठेवावा?

बॉक्सचा आवाज कमाल मर्यादेच्या जवळ ठेवावा आणि रोजची कमी-जास्त टीव्हीच्या रिमोटने करावी. बॉक्स निम्म्यावर असेल तर टीव्हीला मुळातच अशक्त संकेत मिळतो, मग टीव्ही पार वर न्यावा लागतो. त्यानंतर कोणी टीव्हीवरचे एखादे ॲप सुरू केले की सारे घर दचकते. बॉक्स कमालीवर नेल्यावर आवाज फाटत असेल तर दोन-चार घरे खाली यावे.

८. जाहिराती लागल्या की आवाज एकदम का चढतो? यावर काही नियम नाही का?

जाहिरातीत कुजबुज आणि किंकाळी यांमधले अंतर दाबून सगळेच वरच्या पट्टीत ठेवलेले असते. आवाजाचे शिखर मालिकेएवढेच असते, पण सरासरी बरीच वर असते आणि कान सरासरीच मोजतो. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमावली, १९९४ मध्ये जाहिरात अवाजवी मोठ्या आवाजाची नसावी अशी तरतूद आहे. अमेरिकेने यासाठी २०१० मध्ये स्वतंत्र कायदाच केला. घरापुरते पाहायचे तर प्रश्न २ मध्ये सांगितलेला ‘ऑटो व्हॉल्यूम’ येथेही कामी येतो. शास्त्रीय संगीताच्या मैफलीला मात्र तो बंद ठेवावा, नाही तर आलापी आणि द्रुत तान एकाच उंचीच्या ऐकू येतात.

९. साउंडबार घ्यायचे ठरवले आहे. २.०, २.१, ३.१, ५.१ यांपैकी नेमके काय घ्यावे?

पहिला आकडा स्पीकरच्या वाहिन्यांचा आणि दुसरा वूफरचा असतो. तिसरा आकडा असला तर तो वर तोंड असलेल्या स्पीकरांचा. दुकानदार २.१ दाखवतो, कारण मोठा वूफर धडधडला की गिऱ्हाईक खूश होते. ज्यांची तक्रार ‘संवाद कळत नाहीत’ ही आहे त्यांनी ३.१ घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातील मधला स्पीकर संवादासाठी राखीव असतो आणि बहुतेक वेळा त्याची पातळी स्वतंत्रपणे वाढवता येते. प्रश्न २ मधील दुखण्याचे खरे औषध तेच आहे. १० बाय १२ च्या खोलीत मागे स्पीकर लावायला जागा नसते, तेथे ५.१ चे मागचे दोन स्पीकर अखेर शोकेसवर शेजारी शेजारी बसलेले मी अनेक घरांत पाहिले आहेत.

वॅटचे आकडे पाहताना ‘आरएमएस’, म्हणजे सतत मिळणारी खरी शक्ती, किती हे विचारावे. ‘पीएमपीओ’ म्हणून लिहिलेल्या हजारोंच्या आकड्याला काही अर्थ नसतो. टीव्ही आणि साउंडबार एकाच कंपनीचे असतील तर काही मॉडेलांत टीव्हीचे स्पीकरही साउंडबारच्या जोडीने वाजतात. सॅमसंगची ‘क्यू-सिंफनी’ ही त्यातलीच सोय. तेवढ्यासाठी कंपनी बदलण्याची गरज नाही.

१०. साउंडबारला एचडीएमआय, ऑप्टिकल, ऑक्स आणि ब्लूटूथ असे सगळेच आहे. कशाने जोडावा?

एचडीएमआय एआरसी असेल तर त्यानेच. ही सोय २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर आली. तिच्यामुळे टीव्हीचा आवाज उलट दिशेने साउंडबारकडे जातो आणि टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज बदलता येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना दुसरा रिमोट शिकवावा लागत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण. टीव्हीच्या तीन-चार एचडीएमआय खाचांपैकी साधारणतः एकाच खाचेवर ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ लिहिलेले असते आणि केबल त्याच खाचेत घालावी लागते. बरेचदा नेमक्या त्याच खाचेत सेट-टॉप बॉक्स बसलेला असतो. त्याला शेजारच्या खाचेत हलवावे.

ई-एआरसी ही एचडीएमआय २.१ बरोबर आलेली सुधारित आवृत्ती आहे. तिच्यातून ब्लू-रे डिस्कवरचा न दाबलेला ध्वनीही जातो. ओटीटी ॲप आणि सेट-टॉप बॉक्स पाहणाऱ्यांना साधी एआरसी पुरते.

ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाच्या रूपात आवाज नेणारी केबल, हा दुसरा पर्याय. त्यातून दोन वाहिन्यांचा पीसीएम किंवा ५.१ डॉल्बी डिजिटल व्यवस्थित जातो, पण ॲटमॉस जात नाही आणि आवाजासाठी बहुधा साउंडबारचाच रिमोट वापरावा लागतो. ऑक्स, म्हणजे हेडफोनच्या पिनेची साधी केबल, तिसरा. ब्लूटूथ अगदी शेवटचा, कारण त्यात आवाज मागे पडतो. त्याविषयी पुढील उत्तरात.

११. ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर ऐकू येतो. काय करावे?

ब्लूटूथने जोडले असेल तर केबलने जोडून पाहावे. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबला जातो, मग पाठवला जातो आणि मग उलगडला जातो. या खटाटोपात दहाव्या भागापासून पाव सेकंदापर्यंत उशीर सहज होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे १२५ मिलिसेकंदांपेक्षा मागे पडला किंवा सुमारे ४५ मिलिसेकंदांपेक्षा पुढे गेला की प्रेक्षकाला विसंगती जाणवू लागते. पुढे गेलेला आवाज आपल्याला अधिक खटकतो, कारण निसर्गात वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो.

केबल असूनही तफावत असेल तर टीव्हीचा ‘डिजिटल साउंड आउट’ आधी पीसीएमवर ठेवावा. आवाज अजून मागेच असेल तर टीव्हीची ‘लिप सिंक’ सेटिंग शून्यावर आणावी. ती पट्टी बहुधा आवाजाला आणखी मागे नेते, म्हणजे आवाज पुढे पळत असेल तेव्हाच कामाची. आणि तफावत एकाच वाहिनीवर असेल तर दोष प्रक्षेपणाचा असतो, तेथे घरच्या सेटिंगला हात लावू नये.

१२. वडिलांचा जुना स्टीरिओ ॲम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकर माळ्यावर आहेत. ते नव्या टीव्हीला लावता येतील का?

जरूर लावावेत. चांगल्या स्थितीतील दोन लाकडी स्पीकर बऱ्याच साउंडबारना लाजवतात. टीव्हीला हेडफोनचे भोक असेल तर ३.५ मिलिमीटरच्या पिनेला दोन आरसीए टोके असलेली लाल-पांढरी केबल आणावी आणि ती ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’, ‘टेप’ किंवा ‘सीडी’ लिहिलेल्या जागी घालावी. ‘फोनो’ लिहिलेल्या जागी घालू नये. ती तबकडीच्या सुईच्या क्षीण संकेतासाठी असते आणि तेथे टीव्हीचा आवाज घोगरा, फाटका येतो.

हेडफोनचे भोक हल्लीच्या अनेक टीव्हींत नसते. मग ऑप्टिकलचा संकेत लाल-पांढऱ्या केबलमध्ये बदलणारा छोटा डीएसी घ्यावा लागतो. तो लावल्यावर आवाज आलाच नाही किंवा नुसती खरखर आली तर टीव्हीचा ‘डिजिटल साउंड आउट’ पीसीएमवर आणावा, कारण स्वस्त डीएसीला डॉल्बी उलगडता येत नाही. माळ्यावरून काढलेल्या स्पीकरच्या शंकूभोवतीचा फोम बोटाने हलकेच दाबून पाहावा; त्याचा भुगा पडला तर आधी तो बदलून घ्यावा.

१३. ऑप्टिकल केबल लावली, सेटिंगही बदलली, तरी साउंडबार मुका. केबल खराब आहे का?

केबल काढून तिचे टोक निरखून पाहावे. नव्या केबलच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लास्टिकचे इवलेसे टोपण असते आणि ते केबलचाच भाग वाटते. माझ्या पहिल्या जोडणीत मी ते न काढताच केबल दामटली होती. टोपण काढून एक टोक टीव्हीत घातल्यावर दुसऱ्या टोकातून लाल प्रकाश दिसला पाहिजे. प्रकाश दिसत असूनही आवाज नसेल तर साउंडबार ‘ऑप्टिकल’ या इनपुटवर आहे का ते पाहावे. केबल काटकोनात मुडपू नये.

१४. साउंडबार आधी टीव्हीबरोबर चालू व्हायचा, आता होत नाही. टीव्हीच्या रिमोटने आवाजही बदलत नाही.

टीव्हीतील ‘सीईसी’, म्हणजे एचडीएमआय केबलवरून उपकरणांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, बंद झाले असावे. हे नाव मेनूत सापडत नाही, कारण सॅमसंग त्याला ‘एनीनेट प्लस’, एलजी ‘सिंपलिंक’ आणि सोनी ‘ब्राव्हिया सिंक’ म्हणते. ते चालू करावे, ध्वनीचा मार्ग ‘एआरसी’ निवडावा, नंतर टीव्ही आणि साउंडबार दोन्हींचे प्लग दोन मिनिटे काढून ठेवावेत. वीज येऊन-जाऊन झाल्यावर हे दोघे एकमेकांना विसरतात, असा अनुभव पावसाळ्यात फार येतो.

१५. वूफर कोठे ठेवावा? खालच्या मजल्यावरचे काका तक्रार करतात.

साधारण १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला सांगता येत नाही, म्हणून वूफर टीव्हीजवळच असायला हवा असे नाही. कोपऱ्यात ठेवला की दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुगवतात. ज्यांना तो कमी वाटतो त्यांना हे फुकटचे वरदान आहे आणि काकांना शाप. काकांसाठी वूफर कोपऱ्यातून काढून बाहेरच्या भिंतीपाशी आणावा, त्याखाली जाड रबराचे किंवा फोमचे बैठे घालावे आणि पातळी निम्म्यावर आणावी. बैठ्यामुळे फरशीतून उतरणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा आवाज नाही. रात्री साउंडबारचा ‘नाइट मोड’ लावावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील मर्यादा ४५ डेसिबल आहे, हेही लक्षात ठेवलेले बरे.

१६. ॲम्प्लिफायर लावल्यापासून सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. टीव्ही म्यूट केला तरी थांबत नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि तो तिचाच सूर आहे. दोन उपकरणे दोन वाटांनी जमिनीला जोडली गेली की त्या वेढ्यातून हा गुणगुणाट शिरतो. केबलवाल्याची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहावी. घूं थांबली तर त्या वायरवर आयसोलेटर (संकेत जाऊ देऊन विजेची वाट तोडणारा छोटा तुकडा) बसवून घ्यावा. न थांबल्यास टीव्ही, बॉक्स आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्यावेत. ऑप्टिकल केबलमधून वीज वाहतच नाही, त्यामुळे ती वापरल्यास टीव्ही आणि ॲम्प्लिफायर यांमधला वेढाच तुटतो. प्लगची तिसरी जाड पिन काढून टाकण्याचा ‘जुगाड’ कोणी सुचवला तर तो कदापि करू नये. ती पिन शॉक लागू नये म्हणून असते.

१७. आजोबांना टीव्ही ऐकू येत नाही म्हणून आवाज एवढा मोठा ठेवतात की मुलांचा अभ्यास होत नाही. दोघांचीही सोय होईल असे काही आहे का?

वयाबरोबर आधी उंच स्वर ऐकू येणे कमी होते. व्यंजनांची ओळख त्या स्वरांत असते, म्हणून ‘सात’, ‘हात’ आणि ‘खात’ आजोबांना सारखेच लागतात. कोणीतरी बोलत आहे हे कळते, काय बोलत आहे ते कळत नाही. आवाज मोठा केल्याने हे सुटत नाही. आवाज जवळ न्यावा लागतो.

आजोबांच्या खुर्चीच्या हाताशी एक लहान स्पीकर ठेवून तो टीव्हीला जोडणे, किंवा टीव्हीसाठीचा रेडिओ-लहरींवर चालणारा बिनतारी हेडफोन घेणे, हे दोन चांगले मार्ग आहेत. ब्लूटूथ हेडफोन घ्यायचा असेल तर टीव्हीच्या मेनूत ‘टीव्ही स्पीकर आणि ब्लूटूथ एकत्र’ असा पर्याय आहे का हे आधी पाहावे. तो नसेल तर हेडफोन लागताच बाकीच्या घराचा टीव्ही मुका होतो. स्पीकर जवळ ठेवतानाही ब्लूटूथ टाळावा, कारण टीव्हीचा आणि त्याचा आवाज मागे-पुढे होऊन प्रतिध्वनी येतो. कानाचे यंत्र असेल तर त्याला टीव्हीशी जोडणारा वेगळा पेटीवजा ट्रान्समीटर मिळतो का, हे श्रवणतज्ज्ञाला विचारावे. एकाच कानाला अचानक कमी ऐकू येऊ लागले असेल तर मात्र टीव्हीचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

१८. पेन ड्राइव्हवरचा चित्रपट दिसतो पण आवाजच येत नाही. बाकी सर्व ठीक आहे.

त्या फाइलमधील ध्वनी ‘डीटीएस’ प्रकारचा असणार. सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींतून डीटीएस काढून टाकले आहे आणि इतर काही कंपन्यांच्याही ठरावीक मॉडेलांत ते नसते. फाइलला ध्वनीचा दुसरा मार्ग असेल तर तो निवडावा. नसेल तर संगणकावर फक्त ध्वनी एएसी किंवा डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून घ्यावा. चित्र बदलावे लागत नाही, त्यामुळे काम काही मिनिटांत होते.

१९. हे सगळे झाले, तरी ठरावीक स्वरांना टर्र असा आवाज येतोच. आता स्पीकर फाटला असे समजायचे का?

आधी बाहेरचे संशयित तपासावेत. ज्या गाण्यात टर्र येते ते लावून टीव्हीची चौकट, मागे लोंबणाऱ्या वायरी, ब्रॅकेटचे स्क्रू, शोकेसची काच आणि वर ठेवलेली फोटोफ्रेम यांवर एकेक करून बोट दाबून धरावे. ज्या ठिकाणी बोट ठेवताच आवाज थांबतो तो चोर. मागची वायर पॅनेलच्या पाठीवर टकटक करत असणे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे आणि कापडी चिकटपट्टीच्या तुकड्याने ते मिटते.

बोटाने फरक पडला नाही तर तोच आवाज सेट-टॉप बॉक्स, एखादे ॲप आणि पेन ड्राइव्ह या तिन्हींवर येतो का ते पाहावे. एकाच ठिकाणी येत असेल तर दोष त्या स्रोतात आहे. तिन्हींवर येत असेल तर ‘बॅलन्स’ पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे नेऊन ऐकावे. एकाच बाजूला टर्र असेल तर त्या बाजूचा स्पीकर गेला आहे. दोन्ही बाजूंना सारखीच असेल आणि हेडफोनमध्येही ऐकू येत असेल तर बोर्ड पाहावा लागेल.

टीव्हीची पाठ स्वतः उघडू नये. हमी संपुष्टात येते, शिवाय पॉवर सप्लायमधील कपॅसिटरांत प्लग काढल्यानंतरही काही काळ विजेचा साठा राहतो. तंत्रज्ञ येणार असेल तेव्हा टर्र येणारे ठिकाण फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे आणि बॅलन्सच्या चाचणीत काय आढळले ते त्याला आधीच सांगावे, कारण तो दारात आला की टीव्ही हमखास शहाण्यासारखा वागतो आणि दुसऱ्या फेरीचे पैसे पुन्हा द्यावे लागतात.